कायद्याची उमेदवारी कोठडीच्या दाराशी व्हावी

परभणीने गेल्या पाव शतकात दोन मातांना पुत्राच्या मृत्यूचा जाब विचारीत न्यायालयाच्या पायऱ्या चढताना पाहिले आहे. पहिली ख्वाजा युनूस याची आई. दुबईत नोकरी करणारा हा २७ वर्षांचा संगणक अभियंता डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बाँबस्फोटाच्या तपासात पकडला गेला आणि जानेवारी २००३ नंतर तो कुणालाच दिसला नाही. औरंगाबादकडे नेत असताना तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ही कहाणी टिकली नाही. तपासाने १४ पोलिसांवर ठपका ठेवला. शासनाने खटल्यास परवानगी दिली ती केवळ चौघांविरुद्ध, आणि जून २०२० मध्ये त्या चौघांनाही पुन्हा सेवेत घेतले.

दुसरी माता सोमनाथ सूर्यवंशी याची. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. तीत वडार समाजातील हा विधी शाखेचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदविले. शासनाने मात्र विधानसभेत श्वसनाच्या विकाराकडे बोट दाखविले. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही साधा गुन्हा नोंदविला जावा यासाठी आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही हरले.

मृत तरुण स्वतः कायदा शिकत होता, ही गोष्ट हळहळ व्यक्त करून सोडून देण्याजोगी नाही. तिच्यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. परभणीसारख्या जिल्ह्यात कायदा शिकणारी मुले पदवी मिळेपर्यंत कोणता कायदा पाहतात? आणि ज्या दाराआड कायद्याची सर्वाधिक गरज असते, त्या दाराशी ती कधी जातात काय?

कागदावर सारी तरतूद आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, म्हणजे आजच्या बोलीतील इंटर्नशिप, सक्तीची आहे. ती वकिलांकडे, न्यायसंस्थेत, कंपन्यांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत तशीच स्वयंसेवी संस्थांतही करता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विधी महाविद्यालयांत कायदा साहाय्य केंद्रे उभारण्यास चालना देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपविले आहे. त्याच कायद्याचे १२ वे कलम कोठडीतील व्यक्तीला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क देते.

व्यवहारात या आठवड्यांचे काय होते, हे विद्यार्थी जाणतात आणि अध्यापकही जाणतात. ज्याच्या घरी ऐपत आहे तो मुंबईच्या मोठ्या वकिली पेढीत किंवा दिल्लीला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात महिनाभर राहून येतो. ज्याची ऐपत नाही, त्याच्यापाशी ओळखीच्या वकिलाची सही असलेले प्रमाणपत्र तेवढे उरते. नियमाने उमेदवारी सक्तीची केली, विद्यावेतन मात्र सक्तीचे केले नाही. परिणामी मानवी हक्कांचे प्रशिक्षण ही परवडणाऱ्यांची चैन बनते. जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेडच्या शेतमजुराचा मुलगा किंवा मुलगी त्या वाटेला फिरकू शकत नाही. हा वर्गीय प्रश्न आहे आणि समाजवाद्यांनी तो त्याच नावाने ओळखला पाहिजे.

कोठडीतील अत्याचाराचा खटला उच्च न्यायालयात गाजत असला, तरी त्याचा पाया पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घातला जातो. अटकेचा पंचनामा केव्हा झाला, नातेवाइकाला कोणी कळविले, वैद्यकीय तपासणीत कोणत्या जखमा नोंदल्या गेल्या, दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करताना आरोपीशी कोणी वकील बोलला काय, याच गोष्टींवर पुढे सारे अवलंबून असते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले दंडक नेमके याविषयी आहेत. परंतु दंडक पाळले गेले की नाही हे तपासणारा माणूस त्या वेळी तेथे नसेल, तर ते निकालपत्रातच राहतात. माणूस मेल्यावर येणारा नामवंत वकील हरवलेला कागद निर्माण करू शकत नाही.

विद्यार्थ्याची खरी जागा येथे आहे. तो सनदधारक नाही, म्हणून न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही, आणि त्याने तसा आव आणूही नये. परंतु जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाबरोबर तो कोठडी-सुनावणीस हजर राहू शकतो. नातेवाइकांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत, तारीखवार लिहून घेऊ शकतो, वैद्यकीय कागद व पोलिसांची नोंद यांतील विसंगती शोधू शकतो, माहिती अधिकाराचे अर्ज करू शकतो. मराठी कागद वाचणारा आणि वस्तीत ओळख असलेला स्थानिक विद्यार्थी हे काम दिल्लीहून आलेल्या हुशार उमेदवारापेक्षा चांगले करील.

कायद्याच्या वर्गातून इतिहास घडल्याचे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरविले तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. समाजवादी चळवळीचा स्वतःचा वारसाही असाच आहे. १९६८ मध्ये बिहारात अटक झालेल्या मधू लिमये यांनी तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाला अर्ज पाठविला आणि अटकेची कारणे न सांगणे हा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा भंग ठरवून घेतला. कायदा ही वकिलांची मिरास आहे, असे त्या पिढीने कधीच मानले नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, पोलिसांविरुद्धच्या प्रकरणात कोवळ्या मुलांना ओढणे धोक्याचे आहे. धोका खरा आहे. म्हणूनच विद्यार्थ्याने एकट्याने ठाण्यात जाऊ नये. महाविद्यालयाचे लेखी पत्र, सनदधारक वकिलाची देखरेख आणि पक्षकाराच्या गुप्ततेची हमी या तीन अटींवाचून हे काम सुरूच होता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियमानुसार एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक उमेदवारी करता येत नाही, तर असले खटले वीस-वीस वर्षे चालतात. चार आठवड्यांचा पाहुणा पीडिताच्या काय कामाचा? याचे उत्तर असे की, प्रकरण विद्यार्थ्याचे न मानता केंद्राचे मानावे. एका तुकडीने लिहिलेली टिपणे व जमविलेली कागदपत्रे पुढच्या तुकडीच्या हाती पद्धतशीर सोपविली जावीत. विद्यार्थी बदलतील, दप्तर टिकेल. दीर्घ खटल्यात शासनाची भिस्त विस्मरणावर असते, आणि तिला पुरून उरते ते असे दप्तरच.

तेव्हा मागणी नेमकी हवी. परभणीच्या विधी महाविद्यालयांतील कायदा साहाय्य केंद्रे जिल्हा कारागृह व कोठडी-सुनावणी यांच्याशी जोडावीत. तेथील कामाचे आठवडे सक्तीच्या उमेदवारीत धरावेत. ग्रामीण व मागास विद्यार्थ्यांना त्यासाठी समाजकल्याण खात्याने विद्यावेतन द्यावे. शासन हे करील तेव्हा करील. तोवर पक्षाच्या तालुका शाखांनी किमान दोन कामे अंगावर घ्यावीत. असे मार्गदर्शन करण्यास तयार वकिलांची यादी करावी आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्याची चार आठवडे राहण्या-जेवण्याची सोय कार्यकर्त्यांच्या घरी करावी. मोर्चाच्या खर्चाहून हा खर्च अधिक नाही.

संविधानाच्या प्रतिकृतीचा अवमान झाला तेव्हा परभणी रस्त्यावर आली. त्याच संविधानाचे २२ वे कलम रोज सकाळी दंडाधिकाऱ्यांच्या दालनात पाळले जाते की नाही, हे पाहण्यासाठी तेथे कुणीतरी बसलेले असणे, हे त्या संतापाचे पुढचे काम आहे.