थंडीचा माल आलाय, बाटल्या मात्र नाहीत



दिवाळी झाली की आमच्या लिंबागणेशच्या दुकानात दोन गोष्टी बरोबरच घडतात. स्वेटर-कानटोप्यांचे गठ्ठे येऊन पडतात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. निघायच्या आदल्या दिवशी बायका लेकरं काखेत घेऊन येतात आणि उचलीतले उरलेसुरले शे-दोनशे रुपये त्यांच्या अंगावर घालतात. आमचा वर्षातला मोठा धंदा त्या आठ-दहा दिवसांतच होतो, लग्नसराईतसुद्धा तेवढा होत नाही. म्हणून यंदा काय आलंय ते सांगायच्या आधी काय आणलं नाही ते सांगते, कारण त्यावरून घरात वाद झाला.

होलसेलवाल्यानं स्कीम आणली होती. लोकरी सेटच्या एका डझनावर दुधाच्या सहा बाटल्या फुकट. "भाभी, काचेच्या कपाटात पुढं मांडा, सेटवर बाटली भेट असं लिहा, बघा माल कसा उठतो." ह्यांना ते पटलं. फुकट आलेला माल नको कशाला म्हणायचा? मी म्हटलं, नको.

एक तर तो गुन्हा आहे. 1992 साली केंद्र सरकारनं याबद्दल कायदा केला आणि 2003 साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठीचं डब्यातलं दूध, डब्यातला आहार आणि दूध पाजायची बाटली, या तिन्हींची जाहिरात करायची नाही, भेट द्यायची नाही, सवलत लावून खपवायची नाही. विकायला बंदी नाही, खपवायला आहे. पावडरच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो का नसतो, कधी लक्षात आलंय का? बाळाचं किंवा आईचं चित्र छापायलाच मनाई आहे. याची सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेत 1981 साली झाली. गरीब देशांत घाण पाण्यात, काटकसरीनं पातळ केलेल्या पावडरवर बाळं दगावत होती, म्हणून कंपन्यांच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी संहिता मांडली गेली. 118 देश बाजूनं, आणि विरोधात एकटी अमेरिका.

हे म्हणाले, "गावात कोण बघायला येतंय?" आता हे वाक्य सामायिक करणाऱ्या माणसाला कसं चालतं, मला कळत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. वजनमापात मारणं, भेसळ करणं हे आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच यादीत विरुद्धराज्यातिक्रमही आहे, म्हणजे राज्याचा नियम मोडून केलेला व्यवहार. तोही चोरीच्याच खात्यात. पर्युषणात दहा दिवस उपवास करायचे आणि दुकानात कायदा मोडणारी पाटी लावायची, हे जमत नाही मला.

पण खरं सांगायचं तर माझं नको म्हणणं कायद्यामुळं नव्हतं. कायदा मला नंतर कळला. आधी एक बाई आली होती.

तीन वर्षं झाली असतील. संध्याकाळची वेळ, दुकान आवरत होते. काखेत तीन महिन्यांचं लेकरू, बोटाला सात वर्षांची पोर. "काकू, बाटली हाय का?"

मी बाटली ठेवत नव्हते, तेव्हाही नव्हते ठेवत. आणि मी सुरू केलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही, बाटलीच्या बुचात जंतू राहतात, जुलाब लागतात. सगळं बरोबर बोलले, एक शब्द चुकीचा नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं काकू, दूध लई हाय मला. पर पहाटं चारला फडात जावं लागतं. लेकरू कोपीवर, ह्या पोरीजवळ. दुपारपातूर ती काय पाजन त्याला?"

मला उत्तर आलं नाही. ती मेडिकलमध्ये गेली आणि बाटली घेऊन एसटी स्टँडकडं निघाली. मी दारातून बघितलं.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. बाई थांबली तर अर्धा कोयता थांबतो. खाडा झाला की पैसे कापले जातात आणि उचल तर आधीच घेऊन खर्च झालेली असते. फडातली बाई दर दोन तासांनी कोपीवर येऊन पाजू शकत नाही. 2019 साली आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर छापून आलं ते ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्यावरून. सरकारी पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. जिथं बाईची पाळीच कामाच्या आड येते, तिथं तिचं दूध कुणाच्या हिशेबात धरलं जाणार?

कायद्यात तसं सगळं आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या दिवसात दोन वेळा दूध पाजायची सुट्टी आहे. 2017 पासून पन्नास माणसं कामाला असतील तिथं पाळणाघरही सांगितलंय. पण मुकादमाच्या शब्दावर निघालेल्या बाईचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं? कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो मी तर फक्त जोडी आणली.

त्या रात्री सामायिकाला बसले आणि अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत शिकवलं ते बैलाच्या उदाहरणानं. बैलावर जास्त ओझं लादू नये, त्याचं चारा-पाणी अडवू नये. मग त्या बाईवरचं ओझं कोणतं आणि त्या लेकराचं दूध कुणी अडवलं? आई अडवत नव्हती, तिला तर दूध लई होतं. आणि आपण याच्या बाहेर आहोत असं मला म्हणता येत नाही. दिवाळीच्या पहाटे महावीर स्वामींच्या निर्वाणाचा लाडू आपण चढवतो, त्यात साखर असते.

म्हणून माझं मत असं झालंय की बाटली न ठेवणं एवढ्यानं आपण सुटत नाही. "आम्ही विकत नाही" म्हणून हात झटकणं फार सोपं आहे. न विकणारानं दुसरं काहीतरी हातात द्यायला पाहिजे.

मी गावातल्या आशाताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण नोकरी करणाऱ्या सुनांनाही ते उपयोगी आहे. हात स्वच्छ धुऊन दूध हातानं पिळून काढता येतं. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत काढायचं, झाकण घालून सावलीत ठेवायचं. थंडीच्या दिवसांत ते बाहेर चार तास चांगलं राहतं. आणि पाजायचं बाटलीनं नाही, बोंडल्यानं. बोंडलं आठवतंय का? चोच असलेली छोटी वाटी, आपल्या आज्यांकडं चांदीचं असायचं, बाळंतविड्यात यायचं. आता देव्हाऱ्याच्या फडताळात पडलेलं असतं. बोंडल्याला बूच नाही, कोपरा नाही, घासलं आणि उकळत्या पाण्यातून काढलं की झालं. बाळाला मांडीवर थोडं उभं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि त्याला त्याच्या चालीनं पिऊ द्यायचं. ओतायचं नाही, ठसका लागतो.

सात वर्षांच्या पोरीनं हे करावं का? करू नये. तिनं शाळेत असावं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, तिथं ती राहू शकते. पण मग धाकट्याला कोण बघणार, म्हणून आई तिला बरोबर नेते. ही गाठ माझ्या दुकानात सुटणारी नाही. फडाजवळ एक छप्पर आणि एक सांभाळणारी बाई ठेवायला साखर कारखान्याला किती खर्च येईल, हे कुणी तरी कारखानदाराला विचारावं. मी एवढंच करू शकते की त्या पोरीच्या हातात बुचाची बाटली असण्यापेक्षा धुता येणारं भांडं असावं.

पुढच्याच हंगामात स्टीलची बोंडली आणून ठेवली. नफा काही नाही त्यात. गेल्या वर्षी सहा गेली.

आता थंडीचा माल. सुती अस्तराचे स्वेटर आलेत, तेच घ्या. लोकर अंगाला थेट लागली की बाळ रात्रभर किरकिरतं आणि आपण दृष्ट काढत बसतो. आत जुन्या धोतराचं मऊ झबलं, वर लोकर. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून बाळाला एक थर जास्त, बस. कुंच्या शिवून आल्यात, सगळ्या सुती आणि फलालीनच्या. रेशमी ठेवत नाही, कोशातले किडे उकळून काढलेला धागा तान्ह्या डोक्यावर नको. कुंचीची नाडी झोपताना सोडायची, गळ्याशी बांधून झोपवायचं नाही. आणि कोपीत किंवा बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नका. धूर दिसतो तेवढा बाहेर जातो, न दिसणारा वायू राहतो आणि झोपेतच माणसं जातात.

मधाबद्दल दर हंगामात विचारतात. जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवायची पद्धत बहुतेक घरांत आहे, थंडीत खोकल्यालाही मध देतात. आपल्यात पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात नेऊन कानात णमोकार सांगतात, तेव्हाच अष्टमूलगुणांत मद्य-मांसाबरोबर मध सुटतो. डॉक्टरही वर्षाच्या आत मध नको म्हणतात, कारण त्यात काही वेळा अशा जंतूंचे बीजाणू असतात जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. आता यावरून "आपल्या शास्त्राला आधीच माहीत होतं" असे मेसेज फिरवू नका. शास्त्रानं मध सोडला तो माश्यांच्या हिंसेसाठी, ते कारण पुरेसं आहे.

तसंच रात्रिभोजनाचं. एका घरात ओल्या बाळंतिणीला सूर्यास्तानंतर काही द्यायचं नाही असं चाललं होतं, मी स्पष्ट बोलले. पाजणाऱ्या आईला भूक लागते तेव्हा खायला द्या. व्रत घरातल्या बाकीच्यांनी पाळा. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना बटाटा-गाजर नाही म्हणून अडत नाही. लाल भोपळा आहे, दुधी आहे, केळं आहे, मुगाची डाळ-तांदूळ घोटून आहे. वरणाचं वरचं पाणी मात्र देऊ नका, डाळच द्या.

वॉकरही आणलेला नाही, विचारून दमू नका. चाकांच्या गोल गाडीत बसवून सोडलेलं बाळ पायरीवरून पडतं. कॅनडानं 2004 सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्याला पायांवर उभं राहून ढकलावं लागतं. एकच शिल्लक आहे. बोरन्हाणाची काळी झबली मार्गशीर्षात येतील. तेव्हा लहानांच्या डोक्यावर हलवा-बोरं ओताल, ती खाली बसलेल्या बाळाच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा, आख्खी बोरं घशात अडकतात.

ती बाई पाडव्याच्या सुमाराला परत आली होती. लेकरू बसायला लागलं होतं, बारीक होतं पण हसत होतं. बाटलीचं मी काही विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. मोठ्या पोरीला फ्रॉक घेतला, वाढत्या अंगाचा, दोन नंबर मोठा. पुढच्या कार्तिकात निघताना ती दुकानावरून गेली, हात केला, आत आली नाही.

यंदा वीस बोंडली मागवलीत. हे म्हणतात, फार झाली.