पैसेही द्यायचे, पायडलही मारायचं

या आठवड्यात मला राग आला तो आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ताईचा मुलगा बॉस्टनजवळ राहतो. तिथल्या ‘पॅन-मॅस चॅलेंज’ या सायकल राइडमध्ये तो यंदा उतरणार आहे आणि त्यासाठी त्याने सगळ्यांकडे देणगी मागितली. जमेल त्याने जमेल तेवढे द्यावेत, पैसे कॅन्सरवरच्या उपचारांसाठी आणि संशोधनासाठी जातील, एवढंच त्याने लिहिलं होतं. त्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं उत्तर आलं : ‘‘द्यायचेच असतील तर सरळ चेक फाडावा. घाम गाळायचा देखावा कशाला? कुणीतरी हिरो येत असेल, फोटो काढायचे असतील.’’ त्याखाली भराभर अंगठे पडले. भाचा गप्प बसला. ताई कॅन्सरने गेली हे अंगठे देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आज हा विषय.

आधी माहिती देते. ही राइड बिली स्टार नावाच्या तरुणाने १९८० साली सुरू केली. त्याची आईही कॅन्सरनेच गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण निघाले आणि १०,२०० डॉलर जमले. आजवर या राइडने बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली आहे. सायकलस्वार प्रवेश शुल्क भरतो आणि शिवाय ठरलेली किमान रक्कम गोळा करण्याचं लेखी वचन देतो. ती कमी पडली तर उरलेली त्याच्या स्वतःच्या कार्डातून कापून घेतात. स्वारांनी गोळा केलेला प्रत्येक डॉलर इस्पितळाकडे जातो, राइडचा खर्च वेगळ्या पैशांतून भागवतात.

आता ‘हिरो’. तशाही राइड्स आहेत आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या मालिकेत डॉक्टर झालेला पॅट्रिक डेम्प्सी हा मेन राज्यातल्या लुइस्टन या गिरणीगावात जन्मला. त्याच्या आईला १९९७ साली कॅन्सर झाला आणि पुढे तो पुन्हा पुन्हा उलटत राहिला. २००८ साली डेम्प्सीने त्याच गावात रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आधार केंद्र काढलं. समुपदेशनापासून सगळ्या सेवा तिथे मोफत मिळतात. केंद्राला पैसा हवा म्हणून २००९पासून ‘डेम्प्सी चॅलेंज’ सुरू झालं. लोक पैसे भरतात, आणखी गोळा करून आणतात आणि पडद्यावरच्या त्या डॉक्टरबरोबर सायकल चालवतात. त्याच्या नावाला भुलून एखादा आला असेल, तर येऊ दे की! त्याच्या पैशांतून एका बाईच्या केमोनंतरच्या वाईट दिवसांत तिच्याशी बोलायला कुणीतरी बसतं.

आणि सरळ चेक का नाही, याचंही उत्तर आहे. सरळ चेक फाडणारे थोडे असतात, आणि ते एकदा देऊन मोकळे होतात. राइडमध्ये उतरलेला माणूस महिनोन्‌महिने मागत राहतो. ऑफिसातल्या शेजाऱ्याकडे, शाळेतल्या मित्राकडे, घरमालकाकडे, मावशीकडे. मागणं किती अवघड असतं हे वर्गणीचं पुस्तक घेऊन जिना चढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘मी इतके मैल चालवणार आहे’ असं सांगता आलं की मागणाऱ्याची मान वर राहते, कारण तोही काहीतरी देत असतो. आपल्याकडे दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधून संस्थांसाठी मोठा निधी उभा राहतो, त्यामागेही हेच आहे. जे अंगठे त्या दिवशी पडले, त्यांतल्या एकानेही त्याआधी कॅन्सरसाठी चेक फाडल्याचं मला आठवत नाही.

नामवंतांच्या मागे लोक येतात आणि पैसे ठेवून जातात, ही गोष्ट महाराष्ट्राला तर कुणी शिकवायला नको. १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले, तो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. दोन वेगळ्या नाटक मंडळ्यांचे, एकमेकांचे स्पर्धक असलेले हे नट एकत्र दिसणार म्हणून लोकांनी भारी दराची तिकिटं काढली. तिकीट काढणारा प्रत्येक जण देशभक्त होता असं मी म्हणणार नाही. गाणं ऐकायला आलेलेही असतील. फंडाला त्याने काही फरक पडला नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, आणि आजही त्या प्रयोगाचं नाव निघालं की जुनी माणसं सावरून बसतात.

त्याहून जवळची आठवण ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ची. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर, श्रीराम लागू ही माणसं त्यामागे होती. घरदार बाजूला ठेवून चळवळीत काम करणाऱ्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं, एवढीच कल्पना. त्यासाठी लागू, निळू फुले आणि त्यांचे सहकारी कलावंत आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन गावोगाव फिरले. सिनेमात दिसणारी माणसं आपल्या गावात येणार म्हणून लोक लोटले. निधी उभा राहिला, तो गुंतवला गेला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन सुरू झालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की पैसे कशासाठी मागितले, कुठे ठेवले आणि कुणाला दिले हे कुणालाही समजेल इतकं सरळ होतं. लागूंचं नाव मोठं होतंच, पण नाव मोठं आहे म्हणून हिशेब नको असं तिथे कुणी म्हणालं नाही.

माझी खरी तक्रार आहे ती इथे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात अशीच राइड झाली. मालिकेतला एक लाडका नट बरोबर सायकल चालवणार, पैसे आजारी मुलांच्या उपचारांसाठी जाणार, असं फलकावर लिहिलं होतं. मी शेजारच्या मुलीचे आणि माझे पैसे भरले. नट आले, झेंडा दाखवला, पुढच्या चौकापर्यंत आमच्याबरोबर आले आणि गाडीत बसून शूटिंगला गेले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना बहुधा तेवढंच सांगितलं असेल. राग संयोजकांवर आहे. नोंदणीचे किती आले, टी-शर्ट आणि मांडवावर किती गेले, मुलांपर्यंत किती पोचले, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. फोन केला की ‘मॅडम, हिशेब चालू आहे’. नंतर फोन उचलणंही बंद झालं. पावतीचा कागदसुद्धा हाती आला नाही. त्यापुढच्या वर्षी एका खरोखर चांगल्या संस्थेची मुलं आमच्या सोसायटीत मदत मागायला आली, तेव्हा लोकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ज्या मुलांचं नाव फलकावर होतं, त्यांचं नुकसान असं दोनदा झालं.

नावावर फार भार टाकला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण सायकलच्याच जगातलं आहे. लान्स आर्मस्ट्राँगने कॅन्सरमधून उठून १९९७ साली संस्था काढली, ऑस्टिनमध्ये तिच्यासाठी राइड भरवली. २००४ साली आलेली या संस्थेची एक डॉलरची पिवळी पट्टी आठ कोटींहून जास्त विकली गेली. तिच्या नकला आपल्याकडे फुटपाथवर मिळायच्या आणि कॉलेजातली पोरं त्या मनगटात घालून फिरायची. २०१२ साली उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची टूर दि फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. त्याच वर्षी संस्थेला आपल्या नावातून त्याचं नाव काढावं लागलं. देणग्या आटल्या. रुग्णांना मिळालेली मदत खोटी नव्हती, रुग्णांनी कुणाला फसवलं नव्हतं, तरी किंमत त्यांनाही मोजावी लागली.

थंडी सुरू झाली की आपल्याकडेही राइड्सचे फलक लागतील. पैसे भरण्याआधी संयोजकांना विचारा : माझ्या शंभर रुपयांतले किती पोचणार, आणि मागच्या वर्षीचा हिशेब कुठे बघायला मिळेल? उत्तर मिळालं तर बिनदिक्कत पैसे भरा, सायकलला तेलपाणी करा आणि आणखी दहा जणांकडे मागा. शेजारी कोण हिरो आहे याने काही बिघडत नाही. आणि ज्यांचा फोटो फलकावर सगळ्यात मोठा असतो, त्या कलावंतांना आणि खेळाडूंना माझी कळकळीची विनंती आहे : होकार देण्याआधी हा हिशेब तुम्ही मागा. आम्ही विचारलं तर फोन उचलत नाहीत, तुम्ही विचारलंत तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.