कराराची किल्ली कुणाकडे?

इतिहासावरच्या व्हिडिओंनी आपल्याला एक वाईट खोड लावली आहे. कोणतंही युद्ध घ्या, दहा मिनिटांत निकाल तयार. हा शूर, तो गद्दार, तिसरा धूर्त. चीनच्या यादवी युद्धातल्या मंगोल नेत्यांचंही हेच होतं. राजपुत्र देमचुगदोंगरुब, ज्याला चिनी लोक ‘दे वांग’ म्हणत, तो जपान्यांचं प्यादं झाला, म्हणून गद्दार. उलानहू कम्युनिस्टांबरोबर गेला, म्हणून दूरदृष्टीचा. सांगणारा दुसऱ्या गटातला असेल तर नेमकं उलटं. आणि शेवटी तो ठरलेला सवाल: हे लोक एक होऊन लढले का नाहीत?

माझं म्हणणं असं की हा सवाल विचारणाऱ्याने नकाशा नीट पाहिलेला नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्या नेत्यांनी ठरवलं की बाह्य मंगोलियाची स्थिती आहे तशीच राहील. तिथे सोव्हिएत पाठिंब्याचं वेगळं राज्य आधीच होतं. अंतर्मंगोलिया मात्र चीनच्या वाट्याला राहिला. त्या बैठकीत एकही मंगोल नव्हता. ऑगस्टमध्ये सोव्हिएत आणि बाह्य मंगोलियाच्या फौजा जपान्यांना हाकलत अंतर्मंगोलियात शिरल्या, तेव्हा पूर्वेकडच्या मंगोल नेत्यांनी उलानबातरला साकडं घातलं: आम्हालाही तुमच्यात घ्या. या नेत्यांत हाफेंगा प्रमुख होता. उत्तर आलं, चिनी कम्युनिस्टांशी बोला. म्हणजे सख्ख्या भावाने दार लावून घेतलं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या घराची किल्ली मॉस्कोत होती.

उरले दोन रस्ते. हाफेंगाच्या लोकांनी जानेवारी १९४६ मध्ये पूर्व मंगोलियाचं स्वायत्त सरकार उभं केलं. तीन महिन्यांत, ३ एप्रिलला चंगदं इथल्या बैठकीत, ते विसर्जित करून उलानहूच्या चळवळीत मिसळायचं ठरलं. १ मे १९४७ ला अंतर्मंगोलियाचं स्वायत्त सरकार जाहीर झालं. चीनचं लोकसत्ताक जन्मायच्या दोन वर्षं आधी! पण या मंगोलांचा स्वतःचा जो क्रांतिकारी पक्ष होता, तो पुन्हा उभा करू दिला गेला नाही. सरकार मिळालं, पक्ष गेला.

दुसरा रस्ता दे वांगचा. त्याने १९३३ मध्ये नानजिंगच्या सरकारकडे स्वायत्तता मागितली होती. तिथून ठोस काही हाती लागेना, तेव्हा त्याने जपान्यांचा हात धरला. तो हात फार महाग पडला, आणि त्याची जबाबदारी त्याचीच. जपान कोसळल्यावर तो पुन्हा च्यांग कै-शेकच्या दारात गेला. शेवटी ऑगस्ट १९४९ मध्ये, पश्चिमेकडच्या अलाशान भागात दिंगयुआनयिंग गावी, त्याने आणखी एक स्वायत्त सरकार जाहीर केलं. अमेरिका मदत करेल ही आशा होती. मदत आली नाही. २६ ऑगस्टला लांझोउ पडलं आणि मा बुफांग विमानाने निसटला. १९ सप्टेंबरला सुइयुआनचा डोंग छीवू पक्ष बदलून मोकळा झाला. त्याच महिन्यात अलाशानचा राजा दारिजया, जो दे वांगच्या सरकारात उपाध्यक्ष होता, तोही कम्युनिस्टांकडे गेला.

आता सांगा, लढायचं कुणाच्या जिवावर? लाखोंच्या फौजा बाळगणारे सेनापती शस्त्रं टाकत होते. तिथे मूठभर घोडेस्वारांनी मरून दाखवावं, अशी अपेक्षा मोबाइल हातात घेऊन गादीवर लोळत करायला काहीच लागत नाही.

मग उलानहू बरोबर होता का? त्याच्या बाजूचा पुरावा दमदार आहे, तो टाळता येत नाही. कुरणांच्या भागात त्याने जमीन सुधारणेचा चिनी साचा जसाच्या तसा लागू होऊ दिला नाही. कळपांची वाटणी नाही, वर्गाचे शिक्के नाहीत, कळपमालकांविरुद्ध संघर्षसभा नाहीत. त्यामुळे माणसं वाचली, जनावरंही वाचली. तुकड्यातुकड्यांत वाटलेली मंगोल भूमी १९५६ पर्यंत बरीचशी एका नकाशात आली. दे वांगला आयुष्यभरात हे जमलं नव्हतं.

पण इथेच मला खरं भांडायचं आहे. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात एखाद्या सिस्टिमवर तुम्हाला काय काय करता येतं, याला फार महत्त्व नाही. तुमचे हक्क काढून घेण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी बघतात. बाकी सगळं उसनं असतं. मंगोलांची स्वायत्तता अशी उसनी होती.

डिसेंबर १९३५ मध्ये माओच्या नावाने अंतर्मंगोलियाच्या जनतेसाठी एक जाहीरनामा निघाला. तुमची भूमी तुम्हाला परत, तुमचा कारभार तुमच्या हाती, असं त्यात वचन होतं. तेव्हा कम्युनिस्ट लाँग मार्चमधून जेमतेम वाचलेले होते आणि त्यांना उत्तरेला मित्र हवे होते. १९४९ मध्ये ते जिंकले आणि सामायिक कार्यक्रमात वचन आकसून ‘प्रादेशिक स्वायत्तता’ झालं. वेगळं होण्याचा हक्क गळाला. पुढे उलानहूने हाच जाहीरनामा पुन्हा छापून वाटला, आणि १९६६ मध्ये बीजिंगच्या छियानमन हॉटेलातल्या बैठकीत त्याच्यावर जे आरोप झाले, त्यांत हेही एक कलम होतं. अध्यक्षांचंच वचन अध्यक्षांच्याच पक्षाला वाचून दाखवणं, हा गुन्हा!

पुढे जे झालं त्याला उपहास म्हणायलाही जीभ रेटत नाही. मंगोलांचा जो पक्ष १९४७ मध्ये उभाच राहू दिला नव्हता, तो गुप्तपणे जिवंत आहे असं ठरवून धरपकड सुरू झाली. १९८० च्या खटल्यातल्या सरकारी आकड्यानुसार ३,४६,००० लोकांचा छळ झाला, १६,२२२ मेले. हाफेंगा छळात गेला. कम्युनिस्टांकडे वेळेत गेलेला दारिजयाही गेला. आणि दे वांग? तो बाह्य मंगोलियात पळाला, तिथे पकडला गेला, १९५० मध्ये चीनच्या ताब्यात दिला गेला, १९६३ मध्ये माफी मिळून सुटला आणि १९६६ मध्ये वारला. ‘गद्दार’ आजाराने मेला, ‘शहाणे’ छळाने मेले. शौर्य आणि शहाणपणाचे निकाल लावणाऱ्यांनी हा हिशोब आधी जुळवून दाखवावा.

उलानहू वाचला. पुढे देशाचा उपराष्ट्राध्यक्षही झाला. त्याने बांधलेल्या घराचं काय झालं ते २०२० मध्ये दिसलं. शाळांतले काही विषय मंगोलऐवजी चिनी भाषेत शिकवायचं फर्मान निघालं. पालकांनी मुलं शाळेत पाठवली नाहीत, रस्त्यावर आले. स्वायत्त प्रदेशाचं सरकार होतं, पाटीवर मंगोल लिपी होती, अध्यक्षही मंगोल होत्या. फर्मान मात्र थांबलं नाही.

म्हणून ‘लढले का नाहीत’ हे विचारणं मी सोडलं आहे. दुबळ्या समाजाचा नेता बलवानाशी करार करतो, तेव्हा त्याला बाकी पर्याय बहुतेक नसतातच. विचारायचं असेल तर वचन देणाऱ्याला विचारा: हे वचन तू मोडलंस तर तुला कोण अडवणार? १९४७ मध्ये याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ज्या कागदावर ते उत्तर नसतं, त्याला करार म्हणू नये. ती मेहेरबानी असते, आणि मेहेरबानीची मुदत देणाराच ठरवतो.