बाबांचा उतरलेला रे

शनिवारी कपाट आवरताना बाबांचा माऊथ ऑर्गन सापडला. दहा भोकांचा, ‘सी’ स्केलचा. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. 1964 च्या ‘दोस्ती’त माऊथ ऑर्गन वाजवणारे आर. डी. बर्मन म्हणजे त्यांचे हीरो.

मी वाजवून पाहिला. सा ठीक. चौथ्या भोकातून श्वास आत ओढला तर रे चक्क उतरलेला! मोबाइलवरचा ट्यूनर म्हणाला, पंधरा सेंट खाली. (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट होतात, बॉस!)

आपण पडलो इंजिनीअर. लगेच स्क्रू काढले. आत पितळी पत्त्या. एक टोक रिव्हेटने पक्कं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाचं कणभर पितळ खरवडलं की पत्ती हलकी होते, भरभर थरथरते आणि सूर चढतो. रिव्हेटजवळ खरवडलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. बस्स, एवढंच ट्यूनिंग!

पण प्रत्येक ‘चूक’ चूक नसते हं. जोरात फुंकलं की सूर थोडा खाली येतो, म्हणून बऱ्याच फॅक्टऱ्या ‘ए’ 440 ऐवजी 442-443 हर्ट्झला लावतात. काही माऊथ ऑर्गनमध्ये ग मुद्दाम चौदा सेंटपर्यंत खाली ठेवतात. एकेकटा वाजवला तर ट्यूनर कुरकुरतो, पण सा-ग-प एकत्र वाजवा, कॉर्ड एकदम मखमली!

बाबांचा रे मात्र यातला नव्हता. अगदी हळू ओढला तरी खालीच. वर्षानुवर्षं वाकून वाकून पितळ थकतं, कधी बारीकशी चीर जाते आणि सूर उतरतो. अशी पत्ती खरवडून सुरात आणली तरी फार टिकत नाही, बदलावीच लागते.

मी ब्लेड हातात घेतलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “त्याच भोकावर जोर द्यायचे रे ते. शेजारचे काकासुद्धा ओरडायचे.”

म्हणजे हा पंधरा सेंटचा फरक बाबांनीच, रोज थोडाथोडा करून ठेवलेला.

ब्लेड ठेवलं. स्क्रू पुन्हा लावले. आपल्याला वाजवायला नवा घेता येईल की! हा असाच राहू दे, एका स्वराने बेसूर.