खेळाडूंची अदलाबदल : एक सूचना

विद्यार्थी मित्रांच्या तोंडी अलीकडे क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या व्यावसायिक संघांची नावे पाढ्यांहूनही अधिक सहजतेने असतात, ही गोष्ट पालकांस नवी नाही. अमुक संघाने तमुक खेळाडू दुसऱ्यास देऊन त्याच्या बदल्यात कोणास घ्यावे, असा वाद मधल्या सुट्टीत नित्य रंगतो. हा वाद केवळ पोरखेळ आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यात माणसाच्या उमेदीच्या वर्षांचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून त्याविषयी आमचे मत व एक सूचना आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. मुंबईचा यू मुंबा व पुण्याचा पुणेरी पलटण ह्या कबड्डीच्या दोन संघांनी प्रत्येक हंगामाच्या मध्यास आपापल्या दोन खेळाडूंची परस्पर अदलाबदल करावी, ही ती सूचना होय.

अदलाबदलीची ही चाल अमेरिकेत विशेष रुळलेली आहे. 1891 साली स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांस घरात खेळता यावे म्हणून भिंतीच्या कठड्यास पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ काढला. त्या निर्मळ खेळाचा पुढे मोठा व्यवसाय झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसच्या संघाने लुका डॉन्चिच हा अवघ्या पंचवीस वर्षांचा खेळाडू लॉस एंजलिसच्या लेकर्स संघास देऊन मुख्यतः अँथनी डेव्हिस ह्यास घेतले. आदल्याच वर्षी ज्याने संघास अंतिम फेरीपर्यंत नेले, त्यास सौदा पुरा होईपर्यंत कसलीच कल्पना नव्हती. तेथील बहुतेक खेळाडूंची संमती अशा वेळी विचारावी लागत नाही. हे वाचून आम्हांस गुरांच्या बाजाराची आठवण झाली. तेथे उपरण्याखाली दोघांची बोटे भाव ठरवितात, आणि बैल मुकाट उभा असतो.

आपल्या देशातील क्रिकेटच्या लीगमध्ये खेळाडूची संमती लागते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु संमती कागदावरची आणि संमती मनातली, ह्यांत अंतर असू शकते. 2009 साली मुंबई इंडियन्सने रॉबिन उथप्पा बंगळूरच्या संघास दिले व त्यांच्या बदल्यात श्रीरामपूरचे जहीर खान घेतले. खेळाच्या दृष्टीने हा व्यवहार उभयपक्षी लाभाचाच ठरला. बंगळूरचा संघ त्याच वर्षी अंतिम सामन्यात गेला, व जहीर असलेला मुंबईचा संघ 2010 साली. असे असूनही ती बदली आपणांस मनापासून नको होती, असे उथप्पा यांनी पुष्कळ वर्षांनी जाहीरपणे सांगितले. संघांचा लाभ झाला म्हणजे खेळाडूस न्याय मिळालाच, असे म्हणता येत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा.

ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये पालघरचे शार्दुल ठाकूर लखनौच्या संघातून मुंबईस आले, आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौच्या संघात गेले. हे दोन व्यवहार स्वतंत्र होते, तरी परिणाम अदलाबदलीचाच झाला. अर्जुन 2021 सालापासून मुंबईच्या संघाशी निगडित असता त्यांच्या वाट्यास सारे पाच सामने आले होते. हेच तरुण 2022 साली मुंबई सोडून शेजारच्या गोव्याकडून रणजी सामने खेळू लागले, तेव्हा पहिल्याच सामन्यात त्यांनी शतक झळकाविले. जागा बदलल्याने माणसाचे गुण कसे प्रकट होतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. नारळाचे रोपही दाट सावलीत ठेवले तर नुसते उंच वाढते, त्यास फळ धरत नाही.

आता कबड्डीकडे वळू. ज्यास आपले वाडवडील हुतुतू म्हणत, तो हा खेळ आपल्या जिल्ह्यात गावोगावी खेळला जातो. 2014 साली व्यावसायिक लीग निघाल्यापासून त्यास मान व धन दोन्ही लाभले. यू मुंबाने 2015 साली व पुणेरी पलटणीने 2024 साली विजेतेपद मिळविले. परंतु संघात खेळाडू 18 ते 25 असतात आणि मैदानात उतरतात सातच. एका संघात चांगले चढाईपटू अधिक झाले, की त्यांतील एखादा तरुण सबंध हंगाम बाकावर बसून घालवितो. त्याच वेळी दुसऱ्या संघास चढाईपटूची वाण असू शकते व त्याच्याकडे कोपरा सांभाळणारा एखादा गडी रिकामा बसलेला असू शकतो. अशा वेळी चढाईपटू इकडून तिकडे व कोपरारक्षक तिकडून इकडे गेला, तर दोघांचेही वर्ष वाया जाणार नाही.

मात्र ह्यास चार अटी असाव्यात. पहिली अशी की, अर्धा हंगाम ज्यास मैदान मिळाले नाही, त्याचीच अदलाबदल व्हावी. दुसरी, त्याचे मत संघाच्या मालकांसमोर न विचारता त्रयस्थ माणसाने एकांतात विचारावे, आणि नकार दिल्यास त्याचे काहीही नुकसान होऊ नये. तिसरी, ठरलेल्या वेतनात कपात नसावी. चौथी, हंगाम संपताच त्यास मूळ संघात परतण्याचा हक्क असावा. लीगच्या नियमांत त्यासाठी जो फेरफार करावा लागेल, तो करावा.

कोणी म्हणेल, प्रतिस्पर्ध्यास बळ देणारा संघ शहाणा कसा? आमचे उत्तर असे की, जो गडी आपण खेळवीतच नाही, तो अडवून ठेवण्यात शहाणपण नसून कृपणता आहे. शिवाय त्याच्या बदल्यात आपलीही उणीव भरून निघते. दुसरा आक्षेप निष्ठेचा. निष्ठा हा थोर गुण खराच. पण ती दोन्ही बाजूंनी असावी लागते. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणाऱ्या प्रत्येकास मासळीत वाटा मिळतो, म्हणूनच तो पहाटे न बोलावता येतो. खलाशीही एका होडीवरून दुसऱ्या होडीवर जातो. पण तो आपल्या पायांनी जातो, जाळ्यांबरोबर मोजून दिला जात नाही. खेळाडूविषयी आमचे एवढेच मागणे आहे.

विद्यार्थी मित्रहो, वर्गावर्गांचे सामने जुळविताना तुम्हीही हा विचार करा. ज्या मुलास आपल्या तुकडीत कधीच खेळावयास मिळत नाही, त्यास शेजारच्या तुकडीकडून खेळण्याची मोकळीक द्या. मात्र प्रथम त्याला विचारा. आणि पालकांस विनंती अशी की, उद्या तुमच्या मुलापुढे एखाद्या संघाचा करारनामा आला, तर रकमेचा आकडा वाचण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : ह्यास खेळावयास मिळेल काय, आणि ह्यास दुसरीकडे पाठविताना कोणी विचारील काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर आकडा कितीही मोठा असो, सही करण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.