नावापुढचा रकाना

गुणवत्ता यादी उघड्यावर लावली की पारदर्शकता साधली, असे आपण मानत आलो. वडाळ्यात काय किंवा गिरगावात काय, महाविद्यालयाच्या फलकावर नावापुढे गुण आणि प्रवर्ग झळकले, की तास सुरू होण्याआधीच विद्यार्थ्याची जात वर्गाला ठाऊक होते.

२०११ साली आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीचा स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. हे निकाल एकत्र वाचताना आम्हां प्राध्यापकांना एवढेच उमगते : विद्यार्थ्याची नोंद त्याच्यापासून लपवू नये आणि चारचौघांत मांडू नये.

प्रवेशातला अन्याय पकडण्यासाठी यादी हवीच. पण त्याला अर्ज क्रमांक, गुण आणि प्रवर्ग पुरेसे आहेत. नाव कशाला?