खोडा, पण पुसू नका

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहीत आकडा चुकला तर तुम्ही काय करता? बहुतेक जण खोडरबर फिरवतात, काही जण पांढरी शाई लावतात आणि खाडाखोड फारच झाली तर पान फाडून नवे लिहितात. दोष तुमचा नाही. 'जर्नल स्वच्छ हवे' असे आम्ही शिक्षकच सांगत आलो. मीही पंधरा-सोळा वर्षे तेच सांगितले. ते चुकीचे होते असे आता मला वाटते. का, ते ऐका.

आमच्या विभागात प्रात्यक्षिकांचे गुण संगणकावरील एका सामायिक तक्त्यात भरतात. चार प्राध्यापक आणि एक प्रयोगशाळा सहायक तो तक्ता आपापल्या ठिकाणाहून उघडू शकतात. एकदा गुण वर पाठवण्याच्या आदल्या दिवशी ध्यानात आले, की एका तुकडीचे गुण भलतेच झाले आहेत. ज्या मुलीला 18 दिले होते तिच्यापुढे 11, आणि दोन प्रयोगांना गैरहजर असलेल्या मुलापुढे 19! कुजबुज सुरू झाली. हा मुलगा सहायकाच्याच चाळीत राहणारा; संशयाला तेवढे पुरे झाले. खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले.

तेवढ्यात एका तरुण सहकाऱ्याने तक्त्याचा बदल-इतिहास उघडला. कोणत्या खात्यावरून, किती वाजता, काय बदलले हे त्यात आपोआप नोंदले जाते. गुरुवारी रात्री पावणेदहाला कोणीतरी नावांचा रकाना वर्णक्रमाने लावला होता. गुणांचा रकाना मात्र जागच्या जागी राहिला होता. नावे सरकली, गुण सरकले नाहीत. खाते माझे होते! ठाण्याहून डोंबिवलीला येताना, लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या, मोबाइलवर मीच हा प्रताप केला होता. सहायकाची मी सर्वांसमोर क्षमा मागितली. पण तो इतिहास नसता तर? एका निरपराध माणसाच्या नावाला कायमचा डाग लागला असता, आणि लावणाऱ्यांत मीही असतो.

ही युक्ती संगणकाने शोधली असे मात्र समजू नका. घरी जमिनीचा सातबारा असेल तर तो पाहा. जमीन विकली गेली किंवा वारसाकडे आली, तर जुने नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि बदलाचा फेरफार क्रमांक नोंदवतात. त्या क्रमांकाने फेरफाराची नोंदवही उघडली, की बदल कशामुळे झाला ते कळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे अशा बदलाची नोटीस चावडीवर लागते, हरकतींसाठी मुदत मिळते आणि नोंद करणाऱ्याहून वरचा अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. कल्याण-डोंबिवलीत आज जेथे इमारती उभ्या आहेत, तेथे पूर्वी कोणाची भातशेती होती हे शोधायचे तर या फेरफारांच्या पायऱ्यांनीच मागे जावे लागते.

आता माझ्या विषयाकडे वळतो. 1913 साली रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार प्रसिद्ध केला. 58 थेंबांचे आकडे दिले आणि हे थेंब निवडून घेतलेले नाहीत असेही लिहिले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वह्या उघडल्या, तेव्हा त्यांत याहून बरेच अधिक थेंब निघाले. म्हणजे त्यांचे विधान बरोबर नव्हते. पण त्याच वह्यांतले वगळलेले थेंब हिशेबात घेतले तरी उत्तर फारसे बदलत नाही, हेही दिसून आले. वहीने त्यांना दोषी ठरवले आणि वहीनेच त्यांच्या उत्तराची बाजू राखली. मिलिकन यांनी नको ती पाने फाडली असती, तर आपण दोन्ही गोष्टींना मुकलो असतो.

कोणी म्हणेल, इतिहासच बदलला तर? जुन्या दुकानदाराची कीर्द आठवा. प्रत्येक पानाच्या शेवटची बेरीज पुढच्या पानावर आणलेली असते. मागच्या पानावरील एक आकडा बदलला, तर पुढच्या सर्व पानांच्या बेरजा चुकतात. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी संगणक-आज्ञावल्यांसाठी केलेल्या 'गिट' या प्रणालीत अशीच सोय आहे. प्रत्येक नोंदीवरून गणिताने एक ठसा काढतात आणि तो काढताना मागच्या नोंदीचा ठसाही त्यात धरतात. मागे एक अक्षर बदलले, तरी पुढचे सारे ठसे बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

आपल्या देशातही 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना हिशेबासाठी अशीच आज्ञावली वापरावी लागते, जी प्रत्येक बदल तारखेसह नोंदवते आणि जिची ही नोंद बंद करता येत नाही.

याला विरोध करणारे सहकारी मला भेटतात. ते म्हणतात, 'ही पाळतच झाली.' त्यांची भीती खोटी नाही. कोणी किती वेळा तक्ता उघडला हे मोजून वरिष्ठ जर माणसाची किंमत ठरवू लागले, तर मीही विरोधच करीन. कागदाचा इतिहास ठेवावा, माणसाची टेहळणी करू नये. ही रेघ प्रत्येक कार्यालयाने आधीच आखून घ्यावी.

शिवाय ही नोंद सर्वज्ञ नाही. ती खाते सांगते, माणूस नव्हे. एकच संकेतशब्द पाच जणांत फिरत असेल, तर इतिहास असून नसल्यासारखाच. आणि मूळ नोंद कोणी पाहिलीच नाही तर? डोंबिवली परिसरातील 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. परवानगी खरी की खोटी, हे देणाऱ्या महापालिकेच्या दप्तराशी ताडून पाहता आले असते. ते वेळीच झाले नाही, आणि घोर लागला तो तेथे घर घेतलेल्या कुटुंबांना.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. विद्यार्थ्यांनो, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख लिहा. आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, अशा खाडाखोडीचे गुण कापू नका. चूक लपवणाऱ्याला आपण दहापैकी दहा देतो आणि प्रामाणिकपणे दाखवणाऱ्याला आठ. हीच मुले उद्या तलाठी, अभियंते आणि हिशेबनीस होणार आहेत. या वर्षापासून माझ्या प्रयोगशाळेत खोडरबराला बंदी आहे. पहिली आडवी रेघ मी माझ्याच गुणतक्त्यावर मारली आहे.